चॅरिटी बटलरची केस जिंकलेला वकील: थॅडियस स्टीव्हन्स

रानजाई

मी 19 वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करते. आमच्या बाररूममध्ये दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नवीन सनद घेतलेल्या मुलामुलींसाठी आम्ही कुणीतरी एकेका वकिलाच्या आयुष्यावर बोलतो. या वेळी माझी पाळी आहे आणि मी थॅडियस स्टीव्हन्स निवडला आहे. अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपवण्यात आणि चौदावी घटनादुरुस्ती (सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी) संमत करून घेण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्यांतला हा एक; वकील आणि पुढे अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाचा सभासद. पण तयारी करताना एका जागी मी अडले आहे, म्हणून हा धागा.

स्टीव्हन्सचा जन्म 1792 चा, व्हरमाँटमधल्या डॅनव्हिलचा. एक पाऊल जन्मतःच वाकडं. बाप चांभारकाम करायचा, तो घर सोडून गेला. आईने चार पोरं वाढवली आणि या लंगड्या पोराला शेतकाम जमणार नाही म्हणून शिकवलं. डार्टमथला शिकून तो पेन्सिल्व्हेनियात आला आणि 1816 मध्ये गेटिसबर्गला वकिलीची पाटी लावली.

आता ती केस. पेन्सिल्व्हेनियात 1780 पासून असा कायदा होता की बाहेरच्या मालकाने गुलामाला राज्यात आणून सहा महिन्यांहून जास्त ठेवलं, तर तो गुलाम मुक्त. चॅरिटी बटलर ही मेरीलँडची गुलाम बाई. लहानपणी तिला ज्या घरी कामाला दिलं होतं, ते लोक तिला घेऊन अधूनमधून पेन्सिल्व्हेनियात येऊन राहायचे. तिचं म्हणणं साधं होतं: हे सगळे दिवस एकत्र मोजा, सहा महिने भरतात, म्हणजे मी मुक्त आणि माझी मुलंही मुक्त. समोर मालकाच्या बाजूने उभा होता स्टीव्हन्स. त्याचा युक्तिवाद: मुक्काम सलग हवा, तुकडे जोडून चालणार नाहीत. 1821 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केलं. स्टीव्हन्स जिंकला. चॅरिटी आणि मुलं गुलामच राहिली.

या माणसाने पुढची 47 वर्षं काय केलं ते सगळं माझ्या वहीत आहे. पण ही केस त्यात कुठे मांडू? "तरुणपणीची चूक" म्हणून एका वाक्यात उरकू? की व्याख्यानाची सुरुवातच इथून करू?

गंमतराव

ताई, विषय गंभीर आहे, पण या गृहस्थाची जीभ फार तिखट होती, ते मुलांना जरूर सांगा. लिंकनने मंत्रिमंडळात सायमन कॅमेरॉनला घ्यायचं ठरवलं तेव्हा स्टीव्हन्सला त्याच्या सचोटीबद्दल विचारलं. हा म्हणाला, "तापून लाल झालेली शेगडी काही तो चोरणार नाही." कॅमेरॉन भडकला, म्हणाला शब्द मागे घ्या. स्टीव्हन्स म्हणाला, "चोरणार नाही, असं मी म्हणालो होतो. बरं, ते मागे घेतो."

जुना मुन्शी

रानजाई, मी कोर्टात 34 वर्षं बेंच क्लार्क होतो. वकील पक्षकाराची बाजू मांडतो, स्वतःची नाही. आज इकडून, उद्या तिकडून, त्याच्याशिवाय न्यायदान चालणार कसं? तिकडे कायद्यात "सलग" असा शब्द नव्हता, म्हणजे मुद्दा वादाचा होता. स्टीव्हन्सने वाद घातला, न्यायमूर्तींनी निकाल दिला. 29 वर्षांचा, गावात नवा, हातात काम आलं ते घेतलं. यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. उरकून पुढे जा.

सडेतोड

मुन्शीकाका, कूळ-मालकाचा दावा आणि हा दावा एक नाही. इथे दाव्यातली मालमत्ता म्हणजे स्वतः एक बाई आणि तिची पोरं. वकीलपत्र नाकारायला कुणी अडवलं होतं?

आणि एकूणच स्टीव्हन्सचं कौतुक मला जरा जास्त वाटतं. गुलामीवरून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं आणि उत्तर यांच्यातलं यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेची राज्यं म्हणजे जिंकलेला मुलुख, त्यांना राज्य म्हणून काही हक्क उरलेले नाहीत, हे त्याचं म्हणणं. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करा म्हणाला. 1863 च्या जूनमध्ये कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूच्या, जनरल जुबल अर्लीने त्याचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळला, त्याचा राग नव्हता का हा?

कऱ्हेकाठी

सडेतोड, तारखा बघा. कारखाना जळाला 1863 ला. पण 1837-38 ला पेन्सिल्व्हेनियाची नवी राज्यघटना लिहायला जी परिषद बसली, तिने काळ्या लोकांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा तिथे सभासद असलेल्या स्टीव्हन्सने त्या घटनेवर सही करायला नकार दिला होता. तेव्हा ना युद्ध होतं, ना जळका कारखाना. आणि सूडच घ्यायचा असता तर बंडखोर पुढाऱ्यांना फासावर चढवा म्हणाला असता. त्याचा फाशीच्या शिक्षेलाच विरोध होता.

जमिनीचं सांगतो, कारण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम तेच, आणि तेच फसलं. 6 सप्टेंबर 1865 ला पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या भाषणात त्याने हिशोबच मांडला. दक्षिणेतले सगळ्यात मोठे 70,000 जमीनदार घ्या, त्यांच्याकडे सुमारे 39 कोटी 40 लाख एकर जमीन आहे. त्यातली 40-40 एकर प्रत्येक मुक्त झालेल्या कर्त्या पुरुषाला द्या, उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा आणि जखमी सैनिकांना निवृत्तिवेतन द्या. त्याचा मुद्दा असा की साखळी तोडली, पण माणसाच्या पायाखाली जमीन नाही, तर तो उद्या त्याच मालकाच्या दारात मजूर म्हणून उभा राहील. काँग्रेसने हे ऐकलं नाही, त्याच्याच पक्षाने ऐकलं नाही. मग झालं काय? वाट्याची शेती, दुकानदाराचं कर्ज, आणि तोच मालक. आपल्याकडे सावकाराच्या वहीत अडकलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मुद्दलव्याज

थोडं अवांतर. त्या युद्धाचा धक्का मुंबईला किती बसला! दक्षिणेची बंदरं उत्तरेने नाकेबंदी करून अडवली, अमेरिकन कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बॅक बे भराव कंपनीचे शेअर आभाळाला भिडले. एप्रिल 1865 ला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, भाव कोसळला, आणि प्रेमचंद रायचंदांसकट अर्धी मुंबई बुडाली.

युद्धाला पैसा उभा करणारा माणूस कोण? हाच स्टीव्हन्स. 1861 पासून तो प्रतिनिधीगृहाच्या अर्थसमितीचा अध्यक्ष. 1862 च्या फेब्रुवारीत सोन्याचं पाठबळ नसलेल्या 15 कोटी डॉलरच्या हिरव्या नोटा काढायचा कायदा झाला, तो खालच्या सभागृहात पुढे रेटणाऱ्यांत तो होता. वकील माणूस, पण आकड्यांत पक्का.

खडूफळा

@मुद्दलव्याज, मुंबईवर वेगळा धागा काढा, नक्की वाचेन.

रानजाई, मी प्राथमिक शिक्षिका आहे, त्यामुळे मला स्टीव्हन्सचं 1835 सालचं भाषण जास्त जवळचं. 1834 ला पेन्सिल्व्हेनियाने सरकारी मोफत शाळांचा कायदा केला. कर वाढला म्हणून लोक चिडले, पुढच्याच वर्षी कायदा रद्द करा म्हणून अर्जांचा ढीग लागला. राज्याच्या सिनेटने रद्द करायला मंजुरी देऊनही टाकली. 11 एप्रिल 1835 ला स्टीव्हन्स खालच्या सभागृहात उठला. तो म्हणाला, माझ्या घरात कुणी गुन्हेगार नाही तरी मी तुरुंगासाठी कर देतो, मग शेजाऱ्याचं पोर शिकावं म्हणून कर द्यायला का कुरकुरायचं? त्या भाषणानंतर सभागृह फिरलं. कायदा टिकला.

दरवर्षी पटसंख्येच्या नावाखाली कुठल्यातरी वस्तीवरची शाळा बंद करायची भाषा निघते, तेव्हा मला असं बोलणारा एक माणूस हवासा वाटतो. मी वस्तीशाळेवर 6 वर्षं काढली आहेत. एका खोलीत चार इयत्ता, आणि पावसाळ्यात सगळी पोरं न गळणाऱ्या कोपऱ्यात. तरी शाळा होती म्हणून त्यातल्या दोन मुली आज नर्स आहेत.

कऱ्हेकाठी

खडूफळाताई, अगदी. जोतीरावांनी 1882 ला हंटर आयोगापुढे हेच सांगितलं की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गांची पोरं. आणि या विषयाचा सरळ धागाही आहे: 1873 ची 'गुलामगिरी' जोतीरावांनी अर्पण केली आहे ती अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. स्टीव्हन्स जाऊन तेव्हा जेमतेम 5 वर्षं झाली होती. पुण्यात बसून या माणसाला ते किती बारकाईने कळत होतं!

सडेतोड

कऱ्हेकाठी, जमिनीचं पटलं. सुडाबद्दल बोललो ते मागे घेतो (शेगडीवाल्या पद्धतीने नाही, खरंच). पण मग माझा दुसरा प्रश्न. एवढा कट्टर माणूस चौदाव्या दुरुस्तीसारख्या अर्ध्यामुर्ध्या गोष्टीला तयार कसा झाला? तिच्यात काळ्यांना मताधिकार सरळ दिलेलाच नाही.

रानजाई

@सडेतोड, हा भाग मी दहादा वाचला आहे.

आधी डिसेंबर 1865 चा प्रसंग. हरलेल्या दक्षिणी राज्यांनी निवडणुका घेऊन आपले प्रतिनिधी वॉशिंग्टनला पाठवले होते, त्यांत कालपरवापर्यंत बंडात असलेले लोक होते. एकदा का ते सभागृहात बसले की गुलामीमुक्तीचं पुढचं सगळं अडणार. स्टीव्हन्सने उपाय काढला तो कारकुनी. नव्या सभागृहाच्या पहिल्या दिवशी, अध्यक्ष निवडण्याआधी, हजेरी घेतो सभागृहाचा लिपिक. लिपिक होता एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचा. 4 डिसेंबरला त्याने हजेरी घेतली आणि दक्षिणेच्या राज्यांची नावं वाचलीच नाहीत. टेनेसीचा होरेस मेनार्ड, जो स्वतः संघराज्याशी एकनिष्ठ राहिला होता, बोलायला उठला. लिपिकाने त्याला बोलू दिलं नाही. ज्याचं नाव यादीत नाही, त्याला सभागृहात तोंड नाही. मुन्शीकाका, हजेरीपटाची ताकद तुम्हाला सांगायला नको!

मग 1866. चौदाव्या दुरुस्तीचा अंतिम मसुदा 13 जूनला प्रतिनिधीगृहात आला. स्टीव्हन्स 74 वर्षांचा, तब्येत ढासळलेली. तो उठून म्हणाला, माझं स्वप्न होतं की एक दिवस या देशाच्या सगळ्या संस्था माणसामाणसांतल्या विषमतेपासून मोकळ्या करता येतील. ते स्वप्न विरलं. मग इतका अपुरा मसुदा मी का स्वीकारतो? "कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही." 120 विरुद्ध 32 मतांनी तो मंजूर झाला.

त्याच दुरुस्तीत "कायद्याचं समान संरक्षण" हे शब्द आहेत. आपल्या राज्यघटनेच्या कलम 14 मधलं कायद्याचं समान संरक्षण तिथून आलं. मी रिट अर्जात कलम 14 लिहिते तेव्हा हातून त्याच भाषणाच्या दिवशीचे शब्द लिहिले जातात, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

जुना मुन्शी

हजेरीपटाचं वाचून खुर्चीत सावरून बसलो. आमच्याकडे एका कज्जात वादीचं नाव पुकारायचं राहिलं म्हणून त्याचा दावा गैरहजेरीत निकाली निघाला होता. म्हातारा बाहेर बाकावरच बसलेला, हातात डब्याची पिशवी. दावा पुन्हा दाखल करून घ्यायला 8 महिने गेले. नाव पुकारणं ही साधी गोष्ट नव्हे.

गंमतराव

शेवटी शेवटी स्टीव्हन्सला चालवत नव्हतं. दोन तगडी पोरं त्याला खुर्चीत बसवून सभागृहात आणायची. तो त्यांना म्हणायचा म्हणे, "पोरांनो, तुम्ही मेल्यावर मला कोण उचलून आणणार रे?" आणि आजारपणात कुणीतरी त्याच्या दिसण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "माझ्या दिसण्याची काळजी नाही हो, दिसेनासं होण्याची आहे."

आणि 1838 ला हॅरिसबर्गमध्ये निवडणुकीवरून दंगा झाला, जमाव सिनेटच्या दालनात घुसला, तेव्हा हा वाकड्या पायाचा गृहस्थ खिडकीतून उडी मारून निसटला होता!

परदेशी पाखरू

उशिरा आले, पण हा धागा माझ्या अंगणातला आहे. मी लँकेस्टरपासून तासाभरावर राहते. स्टीव्हन्स 1842 ला गेटिसबर्ग सोडून इथे आला, लोखंडाच्या धंद्याचं कर्ज डोक्यावर घेऊन. त्याचं घर आणि कार्यालय गावाच्या मध्यात आहे, आता मोठ्या सभागृहसंकुलाच्या पोटात जपलेलं. तिथे उत्खननात पाण्याची जुनी टाकी सापडली, तिच्या भिंतीला माणूस आत शिरेल एवढं भोक पाडलेलं होतं. पळून आलेल्या गुलामांना तिथे लपवत असावेत असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे.

लिडिया हॅमिल्टन स्मिथचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून मुद्दाम घेते. ती मिश्र वंशाची विधवा बाई. 20 वर्षांहून जास्त काळ तिने त्याच्या घराचा कारभार पाहिला, पैसे साठवून स्वतःच्या नावावर घरं घेतली, आणि स्टीव्हन्स गेल्यावर त्याचं घरही तिनेच विकत घेतलं. त्याच्या मृत्युपत्रात तिच्यासाठी वर्षाला 500 डॉलर किंवा एकरकमी 5000 अशी तरतूद होती. विरोधकांनी दोघांबद्दल नाही नाही ते छापलं. त्याने तिला घराबाहेर काढलं नाही, तिनेही घर सोडलं नाही.

1851 चं ख्रिस्टियाना प्रकरणही याच जिल्ह्यातलं. मेरीलँडचा मालक एडवर्ड गॉरसच पळालेल्या गुलामांना पकडायला आला. विल्यम पार्कर नावाच्या, स्वतः गुलामीतून निसटलेल्या माणसाच्या घरात ते होते. चकमकीत मालक मेला. सरकारने 38 जणांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला चालला तो कॅस्टनर हॅनवे नावाच्या गोऱ्या गिरणीवाल्यावर, ज्याचा गुन्हा एवढाच की पकडायला मदत कर म्हटल्यावर त्याने नाही म्हटलं. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. हॅनवे सुटला आणि बाकीच्यांवरचे देशद्रोहाचे खटलेही बारगळले. रानजाई, चॅरिटीच्या केसशेजारी ही केस ठेवून बघा.

जुना मुन्शी

पाखरू, हे माहीत नव्हतं. तिकडे "सहा महिने सलग" म्हणून मोजणारा माणूस इकडे देशद्रोहाच्या आरोपासमोर उभा राहतो. पण तरी माझा मुद्दा राहतोच: दोन्हीकडे तो पक्षकाराचाच वकील होता.

रानजाई

काका, मी तुमचा मुद्दा खूप वर्षं स्वतःला सांगत आले. एकदा सांगते. सनद घेऊन तिसरं वर्ष असेल. मी एका सासरच्या मंडळींची बाजू घेतली होती, पोटगीच्या अर्जात. समोरच्या मुलीने घर सोडल्याची तारीख एकदा मार्गशीर्षातली सांगितली आणि एकदा पौषातली. मी उलटतपासणीत तेवढंच धरून बसले. अर्ज फेटाळला गेला. ती मुलगी बाहेर पायरीवर बसून पोराच्या पायातला बूट काढत होती आणि पुन्हा घालत होती, नुसतं हाताला काम म्हणून. मी तिच्या अंगावरून पायऱ्या उतरले. कायद्याने मी काही चुकले नव्हते.

म्हणून ही केस मला उरकता येत नाही.

खडूफळा

रानजाई, वाचून थांबले. व्याख्यानाची सुरुवात तिथूनच करा. पण मग त्या मुलीपासून करा.

कऱ्हेकाठी

एक भर घालतो, मूळ प्रश्नासाठी. ते सहा महिने काही बारीक कलम नव्हतं. राजधानी फिलाडेल्फियाला असताना खुद्द अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या घरच्या गुलामांना सहा महिने भरण्याआधी राज्याबाहेर पाठवून परत आणायचे, म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. 1788 ला असं करण्यावर बंदी आली होती, तरी. चॅरिटीने मागितलं ते इतकंच की माझे दिवस पुसू नका, जोडा. स्टीव्हन्सने ते पुसले.

आणि 1821 नंतर लगेच काय झालं तेही आहे. 4 जुलै 1823 ला गेटिसबर्गच्या मेजवानीत त्याने पेला उंचावून म्हटलं: पुढचा अध्यक्ष असा स्वतंत्र माणूस असो, ज्याने कधी कुठल्या गुलामाच्या पायात बेडी ठोकली नाही. बेडी ठोकणं म्हणजे काय हे त्या मेजावर त्याच्याइतकं ताजं कुणाला ठाऊक असेल? त्यानंतर पळून आलेल्यांचे खटले तो त्यांच्याच बाजूने लढला. मला वाटतं तो ती केस विसरला नव्हता.

सडेतोड

विसरला नव्हता हे मान्य. पण त्याने चॅरिटीला काही मिळालं नाही, हेही मुलांना सांगा.

परदेशी पाखरू

सडेतोड, हो. दोन्ही सांगायला हवं.

शेवटचं सांगते, थडग्याचं. 11 ऑगस्ट 1868 च्या रात्री तो वॉशिंग्टनमध्ये वारला. कॅपिटॉलच्या घुमटाखाली देह ठेवला, काळ्या सैनिकांचा पहारा. त्याने आधी दुसऱ्या दफनभूमींत जागा घेतल्या होत्या, पण तिथे फक्त गोऱ्यांना पुरतात हे कळल्यावर त्या परत केल्या, आणि लँकेस्टरमधल्या श्राइनरच्या लहानशा दफनभूमीत जागा घेतली. चेस्टनट आणि मलबेरी रस्त्यांच्या कोपऱ्यावर, वस्तीच्या मधोमध. दगडावर त्याचे स्वतःचे शब्द आहेत. मला जमेल तसं मराठीत देते:

"या शांत, आडबाजूच्या जागी मी विसावलो आहे, एकांताची मुळात आवड म्हणून नाही, तर इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची मर्यादा आढळली म्हणून. दीर्घ आयुष्यभर मी ज्या तत्त्वांचा पुरस्कार केला, ती मरणातही दिसावीत यासाठी मी ही जागा निवडली: निर्मात्यापुढे माणसाची समता."

आणि मृत्युपत्रात आणखी एक कलम आहे. व्हरमाँटमधल्या पीचमच्या ज्या दफनभूमीत आई आहे, तिला 500 डॉलर, अट अशी की तिचं थडगं नीट राखावं आणि दर वसंतात चारही कोपऱ्यांवर गुलाब आणि हसरी फुलं लावावीत. उरलेल्या पैशातून अनाथ मुलांसाठी वंशभेद न करता शाळा काढायची होती. ती आज लँकेस्टरमधलं तंत्रशिक्षणाचं कॉलेज आहे.

रानजाई

पाखरू, तो मजकूर मी वहीत उतरवून घेतला. वाचताना एकच जाणवलं: इतक्या शब्दांत तो स्वतःच्या एकाही कामाचं नाव घेत नाही.

ठरलं. फळ्यावर आधी "चॅरिटी बटलर, 1821" लिहीन आणि मुलांना विचारेन, तुम्ही वकीलपत्र घेतलं असतं का. हात वर करायला लावेन. मुन्शीकाका, तुम्ही याल का? तुमची बाजू तुमच्याच तोंडून ऐकायला हवी त्यांना.

जुना मुन्शी

येतो. डब्याच्या पिशवीवाल्या म्हाताऱ्याचं सांगेन. किती वाजता?

रानजाई

साडेचारला, कोर्ट सुटल्यावर. जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर.

परदेशी पाखरू

रानजाई, या रविवारी श्राइनरला जाऊन दगडाचे चारही बाजूंचे फोटो काढते, शनिवारच्या आत इथे टाकते. गुलाब त्याने आईसाठी सांगितले होते, स्वतःसाठी नाही. तरी चार नेते.